व्हेस्पासियनच्या नाण्यापायी बुडालेले १,८५० युरो

म्युनिकमधील एका नाणे-प्रदर्शनात रोमन सम्राट व्हेस्पासियनचे सेस्टर्शियस, म्हणजे मोठे पितळी नाणे, म्हणून जे मी घेतले, त्यात माझे १,८५० युरो बुडाले. १,४०० रोख आणि ४५० बँकेतून. जेरुसलेम जिंकल्यानंतर इ.स. ७१ मध्ये पाडलेल्या नाण्यांचा तो प्रकार: मध्यभागी खजुराचे झाड, त्याखाली शोकमग्न बसलेली ज्यूडिया, म्हणजे जिंकलेल्या ज्यू प्रांताचे स्त्रीरूप, डावीकडे शिरस्त्राणावर पाय रोवून उभा असलेला सम्राट आणि तळाशी सिनेटच्या ठरावाची ‘एस सी’ ही अक्षरे. चित्रात खोट काढायला कुठेच जागा नव्हती, आणि कशी असणार? या बनावट नाण्याचा साचा अस्सल नाण्यावरूनच घेतलेला होता.

विक्रेत्याच्या पेटीत तसेच दुसरे नाणे होते. दोन्हींवर सम्राटाच्या गुडघ्याजवळ हुबेहूब सारखा खोल ओरखडा होता. मी विचारताच, “एकाच ठशाची जोडी आहे,” असे तो सहज म्हणाला. एकाच ठशाची नाणी खरोखरच मिळतात, त्यामुळे जाणकारालाही हे उत्तर पटले असते. परंतु ठशाला तडा गेला, तर नाण्यावर उंचवटा उमटतो. खोलगट ओरखडा नाणे पाडून झाल्यावरच पडतो आणि तो दोन नाण्यांवर एकाच जागी पडत नाही. दोन्ही नाणी ठशाने पाडलेली नसून एकाच साच्यातून ओतलेली बनावट असल्याचा पुरावा माझ्या नाकासमोर उघडा पडला होता आणि मी पैसे मोजत होतो, या विचाराने आजही अंगाचा तिळपापड होतो.

घरी अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवताच हिरवा थर बोळ्यावर उतरला आणि कडेवर साच्याचा सांधा लपवायला कानस मारल्याच्या खुणा दिसल्या. शतकांचा खरा गंज अ‍ॅसिटोनने निघत नाही. अशी नाणी साधारण २५ ग्रॅमची असतात, हे २०.६ भरले. वजनकाटा खिशात ठेवा आणि नाण्याची कड पाहिल्याशिवाय चित्राकडे बघूही नका.

पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली ती जणू उपकार म्हणून. पावतीवर ‘रोमन धाटणीचे नाणे’ एवढेच लिहिले असल्याने ते अस्सल म्हणून विकल्याचे सिद्ध होत नाही, असे मला ऐकवण्यात आले. म्हणून ‘अस्सल’ हा शब्द आणि परत घेण्याची हमी पावतीवर लिहून घ्याच. बँकेच्या मते पैसे मी राजीखुशीने पाठवले होते. प्रदर्शनाच्या आयोजकांनी आपण केवळ टेबले भाड्याने देतो असे सांगून हात झटकले. दुसऱ्या नाण्याची चौकशी करा, तोच पुरावा आहे, असे मी लेखी कळवले, तर हेतू सिद्ध होत नसल्याने प्रकरण बंद केल्याचे दोन ओळींचे पत्र आले. ओरखड्याचा त्यात उल्लेखसुद्धा नाही.