प्रश्न विचारणाऱ्या बाईला खाली बसवलं तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या

२,४९,२४९ पेसो. आपल्या रुपयांत साधारण पावणेचार लाख. एवढे माझे एका गुंतवणुकीच्या फसवणुकीत गेले, आणि मी अकाउंट्समध्ये आहे. फिलिपीन्समध्ये, मनिलातल्या ऑर्तिगास भागातल्या एका कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका शोधते. त्यामुळे हे चारचौघांत सांगायची हिंमत झाली नव्हती. पण गेल्या आठवड्यात ऑफिसात नवीन आलेल्या एका मराठी मुलीने त्याच लोकांच्या शिबिराचं पोस्टर मला पाठवलं आणि विचारलं, "ताई, जाऊ का?" म्हणून लिहितेय.

माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंना मी आते म्हणते. तागालोगमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत, आते म्हणजे थोरली बहीण. इथे पगार महिन्यातून दोनदा होतो, १५ आणि ३० तारखेला. आतेचा पगार चार दिवसांत संपतो. दोन भाच्यांची फी, आईची औषधं, गावाकडे पडलेलं छप्पर. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या म्हणाल्या, "शनिवारी चल माझ्यासोबत. पैशाबद्दल आपल्या डोक्यात जे चुकीचं बसलंय ते काढून टाकतात." प्रवेश मोफत होता.

बोलणारा माणूस दहा वर्षं सौदीत राबून परत आलेला, निदान तो तसं सांगत होता. त्याने सगळ्यांना कागद दिले आणि लहानपणी घरात पैशाबद्दल ऐकलेलं एक वाक्य लिहायला सांगितलं. आतेंनी लिहिलं, 'इसांग काहिग, इसांग तुका'. कोंबडीने एकदा उकरायचं आणि एकदा टिपायचं, म्हणजे हातावरचं पोट. कुणी लिहिलं 'मुखांग पेरा', म्हणजे तोंडावर पैसाच दिसणारा, लोभी. स्वतःच्या हक्काचे पैसे मागितले तरी ही शिवी बसते. मी लिहिलं, 'अंथरूण पाहून पाय पसरावे'. माझ्या बाबांचं वाक्य. मग ते कागद फाडायला लावले. आते हमसून रडल्या. मीही रडले.

मला आजही वाटतं की त्या माणसाने सांगितलेलं दुखणं खरं होतं. पैसे मागायची लाज, नातेवाइकांना नाही म्हणायची लाज, त्या लाजेला इथे 'हिया' म्हणतात. ही माणसं आयुष्यभर दुसऱ्यांसाठी कमावतात आणि स्वतःसाठी दोन पैसे ठेवले तर अपराधी होतात. त्यावर कुणीतरी बोलायलाच हवं होतं. त्याने नेमकी तीच जखम हेरली.

आता तो क्षण. मागच्या रांगेतून एक वयस्कर बाई उठल्या. साधा प्रश्न होता: "महिन्याला आठ टक्के देणार म्हणता, ते पैसे येणार कुठून?" तो हसला, म्हणाला, "हा प्रश्न तुमचा नाही. तुमच्या आतल्या गरीब मुलीचा आहे. तिला खाली बसवा." आणि त्या बाई खाली बसल्या. अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा. महिन्याला आठ म्हणजे वर्षाला शहाण्णव टक्के, हे गणित माझ्या डोक्यात तेव्हाच झालं होतं, आणि मी ते 'गरिबीची मानसिकता' म्हणून दाबलं. त्या क्षणी उठून बाहेर पडायला हवं होतं. रोज आठवतं.

पुढे त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "बघा, आपल्यात एक बुंबायही आहे. पैसा कसा वाढवायचा हे यांना कळतं!" इथे भारतीयांना बुंबाय म्हणतात, आणि पाच देऊन सहा वसूल करणारे सावकार अशी आपली ओळख आहे. मला संकोच वाटला, पण बरंही वाटलं. लोक माझ्याकडे बघून पैसे भरणार होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

कोर्सचे २,४९९. 'मार्गदर्शना'चे १८,५००. ऑक्टोबरमध्ये कुक्कुटपालनातल्या 'भागीदारी'चे १,००,०००. १५ नोव्हेंबरला ८,००० आले, १५ डिसेंबरला ८,०००. दुसऱ्या दिवशी तेराव्या महिन्याचा पगार, म्हणजे इथला वर्षअखेरचा जादा पगार, आणि शिल्लक मिळून आणखी १,५०,००० भरले. जानेवारीत २०,००० आले. १५ फेब्रुवारी २०२४ ला काहीच नाही. आतेंचे ८०,००० गेले, त्यात त्यांच्या पालुवागनची, म्हणजे आपल्या भिशीसारख्या फंडाची, त्यांचा नंबर लागल्यावर मिळालेली पूर्ण रक्कम होती. आमच्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या बाईला मीच १५,००० भरायला लावले होते आणि त्यावर ७५० कमिशन घेतलं होतं. तिचे १५,००० मी परत केले. तिच्या डोळ्याला डोळा अजून देता येत नाही.

लोक म्हणतील, शिकलेली बाई, तुला कळलं नाही? कंपनी नोंदणीचा कागद मी पाहिला होता. खरा होता, सरकारी संकेतस्थळावर तपासला. पण इथे नोंदणी म्हणजे फक्त कंपनी जन्माला आली एवढंच. लोकांकडून गुंतवणूक घ्यायला सेक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनचा वेगळा परवाना लागतो. नोंदणीचा कागद दाखवला की तो परवाना मागा. मी मागितला नाही. सांगलीत माझा भाऊ बँकेत आहे. तो म्हणाला होता, "ताई, एवढं व्याज कोण देतं गं?" मी त्याच्याशी दोन आठवडे बोलले नाही, कारण शिबिरात शिकवलं होतं की सावध करणारा नातेवाईक म्हणजे टोपलीतला खेकडा, वर चढणाऱ्याचा पाय ओढणारा. आपल्याकडेही ही खेकड्यांची गोष्ट सांगतात, म्हणून ती मला लगेच पटली. घरच्यांशी बोलू नका असं कुणी सुचवलं, की त्याच रात्री घरी फोन करा.

आणि हे नवीन नाही. २०१२ मध्ये पागादियान शहरात अमान फ्युचर्स नावाच्या कंपनीने लोकांचे सुमारे १२ अब्ज पेसो बुडवले. कापा नावाच्या धार्मिक संस्थेने 'देणगी'वर महिन्याला तीस टक्के 'आशीर्वाद' देण्याचं सांगितलं होतं. २०१९ मध्ये ती सरकारने बंद केली तेव्हा फसलेलेच लोक तिच्या बाजूने रस्त्यावर उतरले. हे मला आतेंनी सांगितलं, पैसे गेल्यावर.

तक्रारीचं काय झालं ते ऐका. पोलीस चौकीत ब्लॉटरमध्ये, म्हणजे नोंदवहीत, चार ओळी लिहिल्या आणि म्हणाले, आधी बरांगायला, म्हणजे वस्तीच्या स्थानिक कार्यालयात, जा. बरांगायमध्ये म्हणाले, समोरची पार्टी आमच्या हद्दीत राहत नाही, चौकीत जा. चौकीतल्या दुसऱ्या माणसाने सांगितलं, पाच तक्रारदार आणा, मगच संघटित फसवणुकीचं मोठं कलम लागतं. मी आणि आतेंनी रजा टाकून तीन आठवडे फोन केले, लाजेने कुणी पुढे येईना, तरी पाच जण जमवले. मग एका वकिलाने सांगितलं की हे कलम ज्या १९८० च्या हुकुमात आहे, त्यात पाच हा आकडा फसवणाऱ्यांचा आहे, फसलेल्यांचा नाही! ज्याने आम्हाला तीन आठवडे पळवलं त्याला स्वतःचा कायदा माहीत नव्हता. पैसे ज्या खात्यात गेले तिथल्या मदत क्रमांकावर ४० मिनिटं गाणं ऐकलं आणि उत्तर मिळालं, "व्यवहार तुम्ही स्वतः केलात, मॅडम." शपथपत्र तीनदा बदलायला लावलं, दर वेळी नोटरीला ३०० पेसो. एका बाईने काचेआडून मला विचारलं, "तुम्ही भारतीय ना? मग तुम्हाला कसं फसवलं?" मी तिथेच रडले असते. आतेंनी माझा हात धरला होता.

स्क्रीनशॉट पहिल्या दिवसापासून ठेवा, कारण ग्रुप एका रात्रीत गायब होतो. पहिले दोन हप्ते आले म्हणजे खरं आहे असं समजू नका, ते तुमचेच पैसे असतात. आतेंनी आता पाग-इबिगच्या, म्हणजे इथल्या सरकारी गृहनिर्माण निधीच्या, एमपी-टू बचत योजनेत दरमहा ५०० पेसो टाकायला सुरुवात केलीय. २०२३ साठी तिथे ७.०५ टक्के लाभांश जाहीर झाला होता. वर्षाला.

त्या मुलीने पाठवलेल्या पोस्टरवर कंपनीचं नाव नवीन आहे, हॉल तोच, खाली छोट्या अक्षरांत प्रवेश मोफत. मधोमध गर्दीचा फोटो आहे. दुसऱ्या रांगेत निळ्या कुर्त्यातली एक बाई टाळ्या वाजवताना दिसते. ती मी आहे. तो काढून टाका म्हणून मी चार वेळा लिहिलंय.