मॅक्सएंट: फुकट आहे, पण गोव्याच्या सत्तरी तालुक्यात चालवायला डोकं लागतं

आमच्या जैवविविधता समितीला रानजायफळाची रोपं लावायची होती, कुठं लावायची यावर दोन मिटिंगा नुसत्या भांडणात गेल्या, शेवटी मी म्हटलं मॅक्सएंट चालवून बघूया, एखादी जात कुठं वाढू शकेल याचा अंदाज काढणारा कंप्युटर प्रोग्राम आहे. पैसे लागत नाहीत, 2016 पासून कोडपण खुला आहे, जावा असलं की झालं. झाड सापडलं त्या जागा आणि पाऊस-तापमानाच्या नकाशांचे थर द्यायचे, तशीच परिस्थिती आणखी कुठं आहे ते रंगवून देतं, लाल म्हणजे चांगली जागा. 'इथं झाड नाही' अशा नोंदी लागत नाहीत, आणि अशा नोंदी ठेवतो कोण म्हणा!

पहिला नकाशा बघून हसूच आलं, वाळपईचा रस्ताच लाल! झाडं रस्त्याला नसतात हो, फोटो काढणारे असतात. मग लोक जास्त कुठं फिरतात त्याचा वेगळा थर दिला तेव्हा जरा ताळ्यावर आलं. आयनॅचरलिस्टच्या, म्हणजे लोक झाडा-प्राण्यांचे फोटो टाकतात त्या साइटच्या नोंदी घेताय तर सांभाळून, धोक्यातल्या जातींचं ठिकाण मुद्दाम 0.2 अंशाच्या चौकोनात कुठंही टाकलेलं असतं, म्हणजे सत्तरीतलं झाड फोंड्याच्या बाजूला दिसू शकतं. असे बिंदू मी सरळ काढून टाकले.

आणि गोव्याची खरी अडचण आकाराची. वर्ल्डक्लिमचा (पाऊस-तापमानाची फुकट माहिती तिथूनच मिळते) बारीकातला बारीक चौकोन साधारण 1 किमीचा, आपलं अख्खं राज्य 3,702 चौ.किमी, आणि मॅक्सएंट आपणहून तुलनेसाठी 10,000 जागा मागतं, तेवढे चौकोनच नाहीत आपल्याकडे! बांबरची निरंकाराची राय घ्या, पाणथळीत उभी असलेली जायफळांची देवराय, ती एका चौकोनात कुठल्या कुठं हरवते. पाऊस तर शेजारच्या कोरड्या सड्यावरपण तेवढाच पडतो, फरक पडतो तो पाणी साचण्याने. म्हणून 30 मीटरची उंची आणि व्हाळापासूनचं (ओढ्यापासूनचं) अंतर घातलं, तेव्हा कुठं नकाशा कामाचा झाला.

5 पैकी साडेतीन. कुठं जाऊन बघायचं ते सांगतं, कुठं लावायचं ते नाही. लाल दिसलेल्या एका जागी गेलो तर तिथं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, मालक आजोबा म्हणाले, "आधी चिखलच होता रे हा, आम्हीच बुजवून सुपारीच्या माडी लावल्या." व्हाळाची कड तेवढी दिली त्यांनी, जूनमध्ये चाळीस रोपं तिथं लावतोय.