टॉर्चच्या लिथियम सेलसाठी टीपी४०५६ मॉड्यूल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रपाळीला असल्याने टॉर्चशिवाय आमचे पान हलत नाही. गेल्या वर्षी जुन्या टॉर्चमधील चपटी बॅटरी इतकी फुगली, की झाकण बसेना. तिच्या चार्जरला भरल्यावर प्रवाह तोडण्याची सोय नव्हती आणि आम्ही तो रात्रभर लावून ठेवत होतो. लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टच्या पुढे भरत राहिला, तर ऋणाग्रावर लिथियम धातूचा थर साचतो व आतील द्रावणाचे विघटन होऊन वायू तयार होतो, हे मी त्यानंतर वाचले.

मग १८६५० आकाराचा (सुमारे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) लिथियम-आयन सेल आणि टीपी४०५६ या चार्जिंग चिपचे मॉड्यूल, म्हणजे छोटा सर्किट बोर्ड, टॉर्चमध्ये स्वतः डाग देऊन बसवले. पूर्ण भरल्यावर मल्टिमीटरवर दर वेळी ४.१८ ते ४.२० व्होल्ट दिसतात, याबाबत काडीची तक्रार नाही. हे मॉड्यूल आधी ठरावीक प्रवाह देते, ४.२ व्होल्टला पोचल्यावर तो कमी होऊ देते आणि ठरवलेल्या प्रवाहाच्या एक दशांशावर आल्यावर चार्जिंग थांबवते.

गोम नेमकी येथेच आहे. चार्जिंग चालू असताना टॉर्चही पेटलेला ठेवला, तर प्रवाह त्या एक दशांशाखाली उतरतच नाही, मॉड्यूलला सेल भरल्याचे कळत नाही आणि तो तासन्‌तास ४.२ व्होल्टवर ताटकळत राहतो. पहिले दोन महिने मी हीच चूक करीत होतो. आता चार्जिंगच्या वेळी टॉर्च बंद असतो.

घेताना बॅटरीची आणि आउटपुटची टोके वेगवेगळी असलेलेच मॉड्यूल घ्यावे. त्यात संरक्षणाची दुसरी चिप असते व ती सुमारे ४.३ व्होल्टला चार्जिंग, तर २.५ व्होल्टच्या आसपास टॉर्चचा पुरवठा तोडते. ही चिप नसलेले चार टोकांचे मॉड्यूल थोडे स्वस्त पडते, पण ती काटकसर मला पटत नाही.

एक अँपियरवर मॉड्यूल चांगलेच तापते, म्हणून प्रवाह ठरवणारा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २ किलोओहमचा लावला. प्रवाह सुमारे ०.६ अँपियरवर आला, वेळ वाढला, पण आता त्यावर बोट ठेवता येते. मायक्रो यूएसबीचे तोंड मात्र सातव्या महिन्यात ढिले झाले. पुढचे मॉड्यूल टाइप-सीचे घेणार आहे.