माळ राखावा की घनवन लावावं?

सासवडजवळ मावसभावाचे दहा गुंठे आहेत. दोन बाजूंना प्लॉटिंग होऊन खांब रोवलेत. आता इथे मियावाकी घनवन, म्हणजे देशी रोपं दाटीवाटीने लावून वाढवलेलं छोटं जंगल, लावायचं की गवताळ माळ तसाच ठेवायचा, यावरून घरात दोन तट पडलेत.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. मियावाकीत चौरस मीटरला तीन-चार रोपं, म्हणजे दहा गुंठ्यांत तीन-चार हजार. वर शेणखत, आच्छादन आणि दोन-तीन उन्हाळे पाणी. टँकरच्या मुलखात ते आणायचं कुठून? माळाला पाणी लागत नाही. चराई आवरायची, वणवा लागू द्यायचा नाही, घाणेरी उपटत राहायची.

राहणाऱ्यांचं काय? घनवनात बुलबुल, शिंपी, दयाळ येतील; पण ते सोसायटीच्या बागेतही भागवून घेतात. चंडोल गवताच्या बुंध्याशी घरटं करतो. टिटवी उघड्यावर खड्यांतच अंडी घालते, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. तिथे गर्द झाडी केली की दोघंही गेलेच. माळाला ‘पडीक’ म्हणतो ना आपण, तिथेच गाडं अडतं.

मात्र चहूबाजूंनी भिंती, दिवे आणि भटकी कुत्री आली, की जमिनीवरचं घरटं टिकणं कठीण. तुकडा असा कोंडला असेल आणि पाण्याची सोय असेल, तर देशी झाडांचं घनवन बरं. एखादी बाजू मोठ्या माळाला लागून असेल, तर माळच राखावा. भावाची पूर्वेची बाजू अजून मोकळी आहे. तिकडे भिंत घालू नकोस, एवढंच त्याला सांगितलंय.