आठ महिने लिनक्सवर शूटर: काय चालतं आणि काय चालू देत नाहीत

आधीच सांगतो, मी लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या फुकट सिस्टिमचा, भक्त वगैरे नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये विंडोज काढलं ते तत्त्वासाठी नाही, खिशासाठी. घरचा पीसी रायझन ५ १६००, १६ जीबी रॅम आणि मागाहून टाकलेलं आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड. हा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नाही, आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपणार हे तेव्हाच जाहीर झालेलं होतं. बोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलता आला असता, पण बायको म्हणाली आधी फ्रिज, आणि फ्रिज खरंच गळत होता. मग एका रविवारी पेन ड्राइव्हवर मिंट नावाचं लिनक्स घेतलं आणि बसलो. आता डिसेंबर उजाडलाय, ड्राइव्हमध्ये अजून मिंटच आहे, तर म्हटलं एकदा सगळं लिहून टाकावं.

मी फक्त शूटर, म्हणजे बंदुकीचे गेम, खेळतो. २००७च्या आसपास साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या कॅफेत तासाला १५ रुपये देऊन सीएस (काउंटर-स्ट्राइक) १.६ खेळायचो, तेव्हापासूनचा हा रोग. शेतीचे, गाड्यांचे, फुटबॉलचे गेम लिनक्सवर कसे चालतात ते मला विचारू नका.

पहिला आठवडा माती खाल्ली. चूक माझीच. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडलं, स्टीम (गेम घेऊन उतरवायचं दुकान) शोधलं, पहिलं दिसलं ते घेतलं, ते निघालं फ्लॅटपॅकवालं. ते आपल्या खोलीत बंद असतं, परवानगी दिल्याशिवाय त्याला दुसरी ड्राइव्ह दिसत नाही, आणि माझे २८० जीबी गेम दुसऱ्या ड्राइव्हवर. ते काढून साधं डेब पॅकेज टाकलं. आता ड्राइव्ह दिसली, गेम दिसले, प्ले दाबलं, हिरवं बटण निळं झालं आणि परत हिरवं. बस. एरर नाही, काही नाही. तीन रात्री मी ते बटण रंग बदलताना बघत होतो. भानगड अशी की प्रोटॉन, म्हणजे स्टीममधलं विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक गेमसाठी एक छोटं खोटं विंडोज तयार करतो, कंपॅटडेटा नावाच्या फोल्डरात, आणि त्यात सी ड्राइव्हची जी लिंक असते तिच्या नावातच कोलन असतो. माझी जुनी ड्राइव्ह एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली, आणि विंडोजच्या नियमात फाइलच्या नावात कोलन बसतच नाही, परवानग्यांचा घोळ वेगळाच, त्यामुळे तिथे हे कधी चालतं कधी चालत नाही. शेवटी ड्राइव्ह लिनक्सच्या एक्स्ट४ पद्धतीत फॉरमॅट केली आणि सगळं नव्याने उतरवायला लावलं, चार दिवस नेट त्यातच गेलं, घरातल्यांची मालिका अडकत होती ते ऐकून घेतलं. तुम्ही येणार असाल तर एवढं एक ऐका, गेमची ड्राइव्ह आधी फॉरमॅट करा.

त्यानंतर मात्र जे बघितलं त्यावर माझा मलाच विश्वास बसेना. पहिला टाकला डूम इटर्नल. सेटिंग सगळं हायवर, आणि विंडोजवर होता तसाच पळाला, हाताला फरक कळलाच नाही. नंतर कळलं की यात नवल नाही. प्रोटॉनचं मोठं काम म्हणजे विंडोजचे गेम ग्राफिक्स कार्डाशी ज्या डायरेक्टएक्सच्या भाषेत बोलतात ती लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलून देणं, ११पर्यंतचं डीएक्सव्हीके बघतं आणि १२चं व्हीकेडी३डी, आणि डूम इटर्नल मुळातच व्हल्कनवर लिहिलेला, त्यामुळे तिथे दुभाष्याची गरजच नाही. डूम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरवाल्यांचं लिनक्सशी नातं जुनंच आहे म्हणा. १९९७च्या डिसेंबरात त्यांच्या जॉन कारमॅकने मूळ डूमचा सोर्स कोड खुला केला तो लिनक्सवाला होता, कारण डॉसवाल्या आवृत्तीत आवाजाचं कोड दुसऱ्याकडून लायसन्सवर घेतलेलं होतं, ते वाटता येत नव्हतं. आणि त्याच घराण्यातल्या डूम इटर्नलवर मे २०२०मध्ये अपडेटमधून डेनुवोचं अँटी-चीट (फसवून खेळणाऱ्यांना पकडणारं सॉफ्टवेअर) टाकलं गेलं तेव्हा लिनक्सवाल्यांचा गेमच बंद पडला. आरडाओरडा एवढा झाला, विंडोजवाल्यांचा पण, की पुढच्याच अपडेटात ते काढावं लागलं. हे मी तेव्हा विंडोजवर बसून वाचलं होतं आणि हसलो होतो, लिनक्सवर गेम खेळतं कोण म्हणून.

हाफ-लाइफ, लेफ्ट ४ डेड २, टीएफ२ (टीम फोर्ट्रेस २) हे तर लिनक्सचे स्वतःचेच आहेत, प्रोटॉन पण लागत नाही. डीप रॉक गॅलॅक्टिक, हेलडायव्हर्स २, हंट, इन्सर्जन्सी सँडस्टॉर्म चालले. टायटनफॉल २ पण चालला, फक्त एका लाँचरच्या पोटात दुसरा लाँचर उघडतो आणि तो मधेच रुसतो, पण हे विंडोजवर पण होतंच. त्याची मोहीम मी तिसऱ्यांदा संपवली. मनगटावरचं यंत्र दाबून भूतकाळ-वर्तमानात उड्या मारायची ती लेव्हल आहे ना, २०१६चा गेम आहे, आणि त्यानंतर मोठमोठ्या बजेटच्या शूटरांनी आपल्याला काय दिलं तर बॅटल पास. बंदुकीला गुलाबी रंग आणि त्यावर ससा. हे माझं मत, पटत नसेल तर सोडून द्या.

ज्या गेममध्ये समोर कॉम्प्युटर आहे तो लिनक्सवर चालतो की नाही हा प्रश्न माझ्यापुरता संपला. ऑगस्ट २०१८मध्ये स्टीमवाल्या व्हॉल्व्हने प्रोटॉन आणला, फेब्रुवारी २०२२मध्ये हातात धरून खेळायचं स्टीम डेक आलं, ते स्वतःच लिनक्सवर चालतं म्हटल्यावर गेमवाल्यांना लक्ष द्यावंच लागलं. ऑक्टोबर २०२५च्या स्टीम सर्व्हेत लिनक्स पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेलं. पण समोर माणूस आला की गणित बदलतं.

तर आमची पलटण. कॉलेजचे पाच जण, एक पुण्यात, एक बंगळुरूला, एक दुबईत, दोघं साताऱ्यात, दर शुक्रवारी रात्री साडेनऊला व्हॅलोरंट, पाच विरुद्ध पाच खेळायचा ऑनलाइन शूटर. चार वर्षं नेम मोडला नव्हता, एकाच्या लग्नाच्या आदल्या रात्री पण दोन मॅच झाल्या होत्या (नवरदेव शेवटून दुसरा आला). आणि व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. त्याचं अँटी-चीट व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, ड्रायव्हर म्हणून बसतं, पीसी चालू होतानाच. प्रोटॉनच्या खोट्या विंडोजला कर्नलच नाही, मग बसणार कुठे? इथे जीई-प्रोटॉन (प्रोटॉनची लोकांनी सुधारलेली आवृत्ती) टाका, लाँच ऑप्शन बदला, काही उपयोग नाही. दाराला कुलूप असेल तर किल्ली शोधता येते, इथे भिंत आहे.

मी समजायचो हे सगळं तांत्रिक आहे. अर्धं खरं. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन अँटी-चीटवाल्यांनी सप्टेंबर २०२१मध्येच प्रोटॉनला आधार जाहीर केला, पण चालू करायचं का नाही हे त्या त्या गेमवाल्याच्या हातात. म्हणून तेच इझी अँटी-चीट असलेला द फायनल्स माझ्याकडे मजेत चालतो, ऑक्टोबरात आलेला आर्क रेडर्स चालतो, आणि फोर्टनाइट नाही. रेनबो सिक्स सीज आणि पबजीत बॅटलआय आहे, ते नाही. एपेक्स तर चालायचा, ३१ ऑक्टोबर २०२४ला त्यांनी लिनक्स बंद केलं, कारण दिलं की चीटर लोक या वाटेने येतात. डेस्टिनी २ वाले तर सरळ सांगतात की आडवाटेने घुसायचा प्रयत्न केलात तर बॅन. बॅटलफील्ड ६ला विंडोजवर पण सिक्युअर बूट (पीसी चालू होताना फक्त खात्रीची सिस्टिम उघडू देणारी सोय) चालू पाहिजे.

चीटरांचं कारण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. लिनक्सच्या ग्रुपांवर हे लिहिलं की शिव्या पडतात, पण ज्या सिस्टिमचं कर्नल मी घरी बसून बदलू शकतो तिथे तो कर्नल खरं बोलतोय यावर गेमवाल्याने विश्वास का ठेवावा? प्रश्न बरोबर आहे. फक्त विंडोजवर एवढं सगळं बसवून चीटर संपले का, तर तेही नाही. आणि एका गेमसाठी पीसीच्या मुळाशी कुणाला तरी कायमचं बसवायचं हे मला तेव्हाही खटकायचं, नुसतं खटकायचं, खेळत होतोच. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं एक चुकीचं अपडेट गेलं आणि जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज पीसी निळे पडले, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, ते पण असंच कर्नलमध्ये बसणारं सॉफ्टवेअर. ते गेमचं नव्हतं, मान्य. पण जागा तीच.

हे सगळं ज्ञान मी पलटणीला ऐकवलं. दुबईवाला म्हणाला, "भावा, तुझं बरोबर असेल, पण आम्ही चौघंच उरलोय, पाचवा कोण ते सांग." पाचवा म्हणून त्यांनी त्याच्या ऑफिसातला एक पोरगा घेतला. पोरगा माझ्यापेक्षा चांगला निघाला. मे-जून दोन महिने मी शुक्रवारी नुसता कॉलवर बसायचो, ते खेळायचे आणि मी इकडे डूममध्ये राक्षस फाडत त्यांच्या गप्पा ऐकायचो. लिनक्सचा खरा खर्च विचाराल तर हा. एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते) नाही.

जुलैत मी त्यांना द फायनल्सवर ओढलं, फुकट आहे, भिंती-मजले पडतात, म्हटलं आवडेल. आवडला पण. पण मुख्य मोडात टीम तिघांची आणि आम्ही पाच, दोघं बाहेर बसणार, कोण ते ठरवण्यातच रात्र गेली. मग उरला एकच, आपला जुना धर्म.

सीएस२ लिनक्सवर स्वतःचा आहे, सप्टेंबर २०२३मध्ये आला तेव्हापासून, आणि त्याचं अँटी-चीट व्हॅक कर्नलमध्ये घुसत नाही. साताऱ्यातून मुंबईच्या सर्व्हरला मला १५ ते २० मिलिसेकंद पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) मिळतो. एफपीएस मँगोहड नावाच्या टूलवर बघितले, विंडोजवर डस्ट २ या मॅपला १३०च्या आसपास असायचे, इथे ११५ ते १२०, स्मोक फुटला की ९०वर येतात. माझा प्रोसेसर म्हातारा आहे हे धरा. मोठं अपडेट आल्यावर व्हल्कन शेडर्सची (कार्डासाठी चित्र काढायच्या छोट्या प्रोग्रामांची) पट्टी भरत बसते, त्या वेळात चहा होतो. ती स्किप केली तर पहिल्या राउंडला प्रत्येक नव्या कोपऱ्यावर झटका बसतो, आणि कोपऱ्यावरच माणूस उभा असतो. माऊसचं मात्र लगेच बघा, मिंटमध्ये अ‍ॅक्सिलरेशनचं प्रोफाइल फ्लॅट करा, मला डेस्कटॉपवर दोन दिवस हात परका झाल्यासारखं वाटत होतं. आणि चीटर? सीएस२मध्ये चीटर फार ही ओरड जगभर आहे आणि उगाच नाही. म्हणजे व्हॅनगार्ड नको म्हणणाऱ्याने ही बाजू पण गिळायची. आम्ही पाच जण मिळून खालच्या रँकला खेळतो, तिथे आम्हाला हरवायला चीटर लागत नाही.

पुण्यावाल्याला सीएस आवडत नव्हतं, त्याला अ‍ॅबिलिटी लागतात, म्हणजे पात्राच्या खास शक्ती, धूर-आग विकत घ्यायची म्हणजे काय म्हणून कुरकुर. मिराज मॅपवर खिडकीतून धूर कसा टाकायचा ते त्याला मी एका शनिवारी तासभर शिकवलं, बायको मागून म्हणाली ऑफिसचं काम आहे का. आता महिन्यातले दोन शुक्रवार सीएस आणि दोन व्हॅलोरंट असं ठरलंय, आणि व्हॅलोरंटच्या शुक्रवारी तो ऑफिसवाला पोरगा.

कार्डाबद्दल एवढंच, एएमडी असेल तर वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही, कर्नल आणि मेसा या ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं आलेलं असतं. एनव्हिडियावर पण लोक मजेत खेळतात, २०२४च्या ५५५ ड्रायव्हरपासून वेलँडवरचं (लिनक्सची पडदा दाखवायची नवी पद्धत) चमकणं बरंच कमी झालं, पण डायरेक्टएक्स १२च्या गेममध्ये विंडोजपेक्षा कमी एफपीएस मिळतात हे लक्षात ठेवून घ्या. नोव्हेंबरात व्हॉल्व्हने नवीन स्टीम मशीन जाहीर केलंय, ते टीव्हीखाली ठेवायचं लिनक्सच. ते खपलं तर अँटी-चीटवाले वळतील अशी पुष्कळांना आशा आहे. मला वाटतं वळतील ते नवीन गेमवाले, ज्यांनी एकदा दार लावलंय ते नाही उघडणार.

जुनी विंडोजची २४० जीबीची एसएसडी मी फेकली नव्हती, कपाटाच्या खणात रबर लावून ठेवलेली. नोव्हेंबरात एका शुक्रवारी तो ऑफिसवाला पोरगा गावी गेला आणि साडेआठला कॉल आला, "येतोस का रे, आजच्या दिवस." स्क्रू ड्रायव्हर काढला, केस उघडली, एसएसडी लावली, चालू पण झाली. गेमचं अपडेट आलं १८ जीबी. पट्टी ७० टक्क्यांवर होती तेव्हा ते चौघं म्हणाले चला आता झोपतो. एसएसडी परत खणात आहे, केसचा एक स्क्रू तेवढा अजून सापडलेला नाही.