पीजीची शाखा सुचवणारी सल्लासेवा: फॉर्मपुरती चोख, पुढचं वाऱ्यावर

नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा निकाल हातात आला की शाखा कोणती घ्यायची, हा घोळ सुरू होतो. बेळगावच्या टिळकवाडीतली ही सेवा दोन भागांत सल्ला देते आणि दोन्हींचे पैसे वेगवेगळे घेते.

पहिला भाग पसंतीक्रम भरण्याचा, आणि तो चोख आहे. सरकारी कॉलेजांच्या निम्म्या जागा एमसीसीकडून (केंद्राची प्रवेश समिती), उरलेल्या केईएकडून (कर्नाटकचं परीक्षा प्राधिकरण). जेएनएमसी, म्हणजे इथलं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज, अभिमत विद्यापीठात, म्हणून त्याच्या जागा एमसीसीकडेच आणि अनामत २ लाख रुपये. पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर अनामत बुडत नाही, दुसऱ्या फेरीपासून बुडते. हे न घाई करता समजावतात.

दुसऱ्या भागात शाखांचा तक्ता देतात. ‘जीवनमान’ या एकाच रकान्यात तारे! रेसिडेन्सीची ३ वर्षं आणि पुढची तीस वर्षं एकाच मापात घातली आहेत. अस्थिरोगाला एक तारा. पहिल्या वर्षी हायवेवरचे अपघात, प्लास्टर, ट्रॅक्शन, फायली, झोपेचं खोबरं, हे खरंच. पण पुढे सांधेबदलाची कामं सकाळच्या यादीत बसवता येतात.

भूलशास्त्राचं उलट. कॉलेजात ड्युटीच्या वेळा ठरलेल्या, म्हणून चार तारे. बाहेर पडल्यावर मात्र फ्रीलान्स भूलतज्ज्ञाचं घड्याळ सर्जनच्या फोनवर चालतं. खानापूरला रात्री तातडीचं सिझर निघालं की सुमारे २५ किलोमीटर गाडी हाणायची. स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यातून द्यायची भूल, काही मिनिटांत होतं. वेळ जातो तो नंतर, पेशंटचं बीपी स्थिर होईपर्यंत थांबण्यात. सकाळी दुसऱ्याच हॉस्पिटलची यादी उभी असते. फी बहुधा सर्जनमार्फत येते, म्हणजे उशिरा.

रेडिओलॉजीला पाच तारे देताना गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचा फॉर्म एफ विसरलेत. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला तो भरायचा, महिन्याचा अहवाल पुढच्या ५ तारखेपर्यंत द्यायचा, आणि त्यातली चूकही कायद्याच्या कचाट्यात नेते. सीमेपलीकडे महाराष्ट्रात चंदगडला बसायचं तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणीही लागते. सीमेवरच्या गावात बसून हे न सांगणं म्हणजे कमालच.

मानसोपचाराला ‘निवांत’ म्हटलंय. इथे तपासणी म्हणजे मुख्यतः पेशंटचं बोलणं. बैलहोंगल, सौंदत्तीकडचा पेशंट कन्नडमध्येच बोलणार. कन्नड नीट येत नसेल तर नातेवाईक दुभाषा होतो, आणि पुष्कळदा भांडणातला दुसरा पक्ष तोच असतो. मराठी शाळेतून आलेल्यांनी हा हिशेब आधी करावा.

२०२३ च्या पीजी नियमांत आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला २० किरकोळ रजा आहेत. त्या विभागात प्रत्यक्षात मिळतात का, रात्रीच्या ड्युटीनंतर ओपीडीला बसवतात का, सॅम्पल कोण पोचवतं, हे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला कॅन्टीनमध्ये गाठून विचारावं. तक्ता तयार करणाऱ्यांनी विचारलेलं दिसत नाही. पहिल्या भागाचे पैसे द्या, दुसऱ्याचे वाचवा.