ग्लिसरॉलमधल्या स्नायूचं प्रयोग-किट: धागे झकास, माहितीपत्रक कच्चं

सशाच्या सोआस (कमरेतल्या) स्नायूची काडीला ताणून बांधलेली जुडी, 50 टक्के ग्लिसरॉलमध्ये. सोबत तीन बाटल्या: नुसतं 0.25 टक्के एटीपी (स्नायूला आखडायला ऊर्जा देणारं रसायन), नुसते क्षार (0.05 मोलर पोटॅशियम क्लोराइड, 0.001 मोलर मॅग्नेशियम क्लोराइड), आणि एटीपी व क्षार एकत्र. किटमध्ये एवढंच येतं. धाग्यावर द्रावण घालायचं आणि तो किती आखडतो ते मोजायचं.

स्नायूबद्दल तक्रार नाही. 400 पट मोठं करून पाहिलं की गडद-फिके पट्टे स्वच्छ दिसतात. प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा धागा उकलताना. 2 सेंटिमीटरचा तुकडा सुयांनी उकलत दोन ते चार तंतूंपर्यंत आणावा लागतो, जाडी 0.2 मिलिमीटरच्या आतच हवी. जाड धाग्यात एटीपी गाभ्यापर्यंत पोचत नाही, कडेचे तंतू आखडतात आणि धागा नुसता मुरडतो. स्लाइडवर ग्लिसरॉलचं तळं साचलं तर एटीपी पातळ होतं, म्हणून आधी टिपकागद लावा. मोजताना कव्हरस्लिप नको, धागा तिच्याखाली अडकतो. एटीपीची बाटली बर्फातच ठेवा. दिवसभर टेबलावर राहिलेलं एटीपी घातलं की काहीच हलत नाही आणि दोष बिचाऱ्या सशाला.

माहितीपत्रक सांगतं, आकुंचनानंतर गडद पट्टा मोजा, तो तेवढाच भरेल. तत्त्व बरोबर आहे: धाग्याच्या आतले मायोसिन प्रथिनाचे जाड तंतू सुमारे 1.6 मायक्रोमीटरच राहतात, ॲक्टिन प्रथिनाचे बारीक तंतू त्यांच्यामध्ये सरकतात. पण मोकळा धागा इतका आखडतो की जाड तंतू झेड-रेषेला (फिक्या पट्ट्याच्या मधोमध असलेल्या रेषेला) जाऊन टेकतात, फिका पट्टा नाहीसा होतो आणि मोजायला कडच उरत नाही. त्यापेक्षा टोकं टिपून सुपरग्लूच्या ठिपक्याने स्लाइडवर चिकटवा, पण 2 सेंटिमीटरचा धागा 1.8 सेंटिमीटरच्या अंतरात, थोडा सैल. सैलपणा संपला की आखडणं थांबतं. 2.4 मायक्रोमीटरचा सार्कोमिअर (दोन झेड-रेषांमधला भाग) साधारण 2.2 वर येतो. फिका पट्टा अरुंद झालेला दिसतो, गडद जसाच्या तसा.

कॅल्शियमबद्दलचा खुलासा मात्र साफ चुकीचा. ‘नियंत्रक प्रथिनं धुऊन गेल्यामुळे कॅल्शियम लागत नाही’ असं छापलंय. ट्रोपोनिन आणि ट्रोपोमायोसिन ही कॅल्शियम नसताना आकुंचन रोखणारी नियंत्रक प्रथिनं धाग्यात असतातच. ग्लिसरॉलने पेशीची आवरणं सच्छिद्र होतात, आणि पाण्या-क्षारांतून येणारं किंचित कॅल्शियमही पुरतं. ते बांधून ठेवणाऱ्या ईजीटीएची चौथी बाटली दिली असती, तर एटीपी असूनही न आखडणारा धागा दाखवता आला असता. किटमधली खरी उणीव ही.